तपकिरी पानगळ

आपल्याकडे पानगळ येते ती नेमकी परीक्षांच्या तोंडावर. माघ सरत आला की साग उघडे पडायला लागतात. पळस आणि काटेसावर फुलायच्या आधी अंगावरचं सगळं उतरवून ठेवतात. फाल्गुनात कधीतरी पिंपळ मोकळा होतो आणि बघता बघता तांबूस, लुसलुशीत पालवीने भरूनही जातो. पोरं तेव्हा गणिताच्या सराव-पत्रिका सोडवत असतात आणि हस्तकलेचा तास केव्हाच बंद झालेला असतो. त्यामुळे पानांचं जे काही करायचं ते ऑक्टोबरात आणि तेही पुस्तकात किंवा मोबाइलवर दाखवलेलं. नारिंगी घोटीव कागदातून कापलेलं टोकाटोकांचं मेपलचं पान, त्यावर स्केचपेनने ओढलेल्या शिरा, खाली चमकी. बाहेर ऑक्टोबरची तलखी, आपट्याची हिरवी पानं वाटून नुकतीच झालेली, आणि वर्गातल्या भिंतीवर मात्र कॅनडातला शरद ऋतू दोऱ्याला लटकलेला.

यात शिक्षकांचा काही दोष नाही. पानगळ म्हटली की जगभर तेच चित्र डोळ्यांपुढे येतं, कारण तिकडची पानगळ दिसते भारी. थंड देशांतली झाडं पानं गाळतात ती दिवस लहान होऊन गारठा वाढायला लागतो म्हणून. हा इशारा एका टापूतल्या सगळ्या झाडांना एकाच सुमारास मिळतो, त्यामुळे अख्खा डोंगर एकदम लाल-पिवळा होतो आणि तो बघायला लोक गाड्या काढून निघतात. आपली झाडं गाळतात ती जमिनीतलं पाणी आटतं म्हणून. ज्याची मुळं खोल, ज्याच्या पायाशी ओल जास्त, त्याचा मुहूर्त पुढे. ओढ्याकाठच्या सागावर पानं टिकून असतात तेव्हा माळावरचा साग खराटा झालेला असतो. शिवाय सगळं गळून संपायच्या आत कुसुंबाला लालभडक पालवी फुटलेली असते आणि पांगारा पेटलेला असतो. लाल रंग आपल्याकडे आहे, पण तो यायच्या पानाचा आणि फुलाचा आहे. जायच्या पानाच्या वाट्याला बहुतेक करून तपकिरी येतो.

याला एक ठसठशीत अपवाद म्हणजे बदाम. सुक्या मेव्यातला नव्हे, कोकणात आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत असतो तो, मजल्यामजल्यांनी फांद्या पसरणारा देशी बदाम. आमच्या कुंपणाला लागून एक आहे. थंडीच्या अखेरीस त्याच्याखाली उभं राहिलं तर एकाच फांदीवर हिरवं, पोपटी, पिवळं, केशरी आणि दारूच्या रंगाचं अशी पानं एका वेळी सापडतात. एखादं पान तर मधल्या शिरेच्या एका बाजूला अजून पिवळं आणि दुसऱ्या बाजूला पार लाल झालेलं असतं. रविवारी सकाळी ती गोळा करायला इमारतीतली चार-सहा मुलं माझ्याबरोबर येतात. झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

“मावशी, उद्या बदामाखाली झाडू नका हं.”

“नाही झाडत. पण सेक्रेटरीसाहेब ओरडले तर तुम्हीच सांगा त्यांना. आणि करता तरी काय एवढ्या कचऱ्याचं?”

चित्रं काढतो म्हटल्यावर त्या हसल्या. पण त्यानंतर केव्हातरी एक भलंमोठं, एकही डाग नसलेलं लाल पान त्यांनी वॉचमनच्या खुर्चीवर माझ्यासाठी ठेवलं होतं.

पान रंग बदलतं म्हणजे काय होतं, हे मुलांना सांगायला सोपं आहे आणि ऐकायला त्यांना आवडतं. गळायच्या आधी झाड पानातलं कामाचं जे जे असेल, विशेषतः नायट्रोजन, ते परत आत ओढून घेतं. हरितद्रव्य मोडतं. ते गेलं की आधीपासूनच दडून असलेली पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड द्रव्यं उघडी पडतात. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, तिथेच पान सुटतं. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो आधी नसतो. लाल होणाऱ्या बहुतेक झाडांची पानं अँथोसायनिन नावाची द्रव्यं त्या शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतात. जाणाऱ्या पानाने एवढा खर्च का करावा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आतलं सगळं ओढून होईपर्यंत उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून, असं काहीजण म्हणतात. किडींना दूर ठेवण्यासाठी, असं दुसरे म्हणतात. आमच्यातल्या एका चौथीतल्या मुलाचं मत तिसरंच आहे: “त्याला आवडत असेल.”

पण हा लाल टिकत नाही, आणि पानांचं काम करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हाच. पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वर वजन ठेवायचं, ओल शोषलेला कागद एक-दोन दिवसांनी बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. एवढं नीट केलं तरी पिवळा फिका होतो आणि लाल हळूहळू विटकरी होत तपकिरीकडे सरकतो. उन्हात ठेवलं तर लवकर, वहीत ठेवलं तर सावकाश. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणात बुडवून ठेवलं तर पान मऊ राहतं, पापडासारखं तडकत नाही, पण त्याचाही रंग गडद होतोच. वॉर्निश चढवा, लॅमिनेशन करा, रंग आपल्या गतीने जातो. रंगासाठी पान जपायचं तर हरणार हे ठरलेलं आहे. त्यामुळे काही काळाने बदामाचं कौतुक थोडं ओसरतं आणि नजर खाली पडलेल्या इतर पानांकडे वळते. सुरुवातीला ती सगळी सारखीच वाटतात.

ती सारखी नसतात हे कळायला रंगवायला बसावं लागतं. रंगपेटीत तपकिरीची एक वडी असते, आणि ती थेट कागदावर लावली की चिखल दिसतो. सागाचं वाळलेलं पान घ्या. वरून ते खरखरीत, धुरकट तपकिरी. उलटं केलं की खालची बाजू करडी, बारीक लव असलेली, आणि शिरा तिथे बोटाला लागतील इतक्या वर आलेल्या. त्या करड्यासाठी बर्न्ट सिएनामध्ये अल्ट्रामरीन निळा मिसळावा लागतो. निळा थोडा जास्त झाला की सावली तयार होते, सिएना जास्त झाला की ऊन. पळसाचं पान जाड, चामड्यागत. त्याच्या वाळक्या रंगात यलो ऑकर लागतो आणि पिकट हिरव्याचा एक अंश राहूनच जातो. पिंपळाचं पान पातळ, वाळलं की दालचिनीच्या रंगाचं. वडाचं त्याहून उजळ, वर पिवळे डाग. काटेसावरीची पर्णिका तर कागदाच्या कपट्याइतकी हलकी. तपकिरी हा एक रंग आहे असं मानून बसलेला माणूस तासाभरात निळा, पिवळा, लाल आणि जांभळासुद्धा वापरायला लागतो. आणि हे सगळं घाईने करायचं असतं. कारण टेबलावरच्या दिव्याच्या उबेने पान डोळ्यांदेखत वळत राहतं. सकाळी काढलेली कड संध्याकाळी त्या जागी नसते.

तपकिरीशी आपलं नातं तसं जुनं आहे. सिएना हे इटलीतलं गाव; तिथली लोहयुक्त माती भाजली की बर्न्ट सिएना होतो. आपल्या गेरूलाही लाली येते ती लोखंडाच्या ऑक्साइडमुळेच. वारली चित्रं ज्या भिंतींवर तांदळाच्या पिठीने काढतात त्या भिंती गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या असतात. म्हणजे वाळक्या पानाचा रंग आपल्या घरांना परका कधीच नव्हता. लोखंडाची आणि पानांची गाठ दुसरीकडेही पडते. पानांत टॅनिन असतं, आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळसर, निळसर करडा रंग उतरतो. हिरड्यापासून काळी शाई करायची जुनी रीत याच जोडीवर चालायची. हल्ली कापडावर पानांचे छाप उठवतात तेही असंच. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड, त्यावर लोहपाण्यात बुचकळलेली पानं, घट्ट गुंडाळी, वर दोरा, आणि तास-दोन तास वाफ. गुंडाळी सोडली की पानाची आकृती कापडात मुरलेली मिळते. सागाची कोवळी पानं यात विशेष खुलतात. पावसाच्या तोंडाशी फुटलेलं सागाचं कोवळं पान नुसतं तळहातावर चोळलं तरी हात रक्तासारखा लाल होतो, हा खेळ सागाच्या प्रदेशातल्या पोरांना शिकवावा लागत नाही.

छाप घ्यायला मात्र कापड, वाफ असं काही लागत नाही. वर्तमानपत्र, थोडा पोस्टर कलर, स्पंजचा तुकडा, कोरा कागद आणि एक चमचा पुरतो. पान फार वाळलेलं नको, मोडतं. नुकतंच पडलेलं घ्यावं. मुलं हमखास पानाच्या वरच्या, गुळगुळीत बाजूला रंग फासतात आणि मग कागदावर नुसता पानाच्या आकाराचा डाग उठतो. उलटी बाजू घ्यायची. रंग थापायचा नाही, स्पंजने टिपत जायचं. पान रंगाकडून कागदावर ठेवून वर दुसरा कागद घालायचा आणि चमच्याच्या पाठीने देठापासून टोकापर्यंत घासत न्यायचं. कागद उचलला की मुलं एकदम गप्प होतात. मुख्य शीर, तिच्यातून निघालेल्या उपशिरा, त्या कडेपाशी पोचायच्या आधी वळून पुढच्या शिरेला मिळतात ती कमान, आणि मधल्या जागेतली ती बारीक, केसासारखी जाळी. पान हातात असताना यातलं काही दिसलेलं नसतं. रंग काढून घेतल्यावर रेषा दिसते.

ही रेषा मोठमोठ्यांना मोहात पाडून गेली आहे. लिओनार्दो द विंचीच्या कागदांचा जो प्रचंड संग्रह कोडेक्स अटलांटिकस म्हणून ओळखला जातो, त्यात सेज नावाच्या सुगंधी झुडपाच्या पानाचा एक छाप आहे आणि तो कसा घ्यायचा याचं टिपणही बाजूला आहे. बेंजामिन फ्रँकलिन विजेच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असला तरी पेशाने मुद्रक होता. अमेरिकेतल्या वसाहतींच्या नोटा तो छापायचा आणि त्या काळी खोट्या नोटांचा सुळसुळाट होता. 1730 च्या दशकाच्या अखेरीस त्याने नोटांच्या मागच्या बाजूला खऱ्या पानाचा छाप टाकायला सुरुवात केली. पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा ठसा ओतायचा, आणि ही पद्धत त्याने गुप्त ठेवली. नक्कल करणाऱ्याला मृत्युदंड, अशी धमकीही त्या नोटांवर छापलेली असे. पण खरा पहारा पानाचाच होता. कुठली शीर कुठे जाड, कुठे बारीक, हे कोरून काढणं उत्तमातल्या उत्तम कारागिराच्याही हाताबाहेरचं. एका झाडाची दोन पानंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

पिंपळाच्या पानाची जाळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पुस्तकात ठेवलेली, शुभेच्छापत्रावर चिकटवलेली, काचेखाली दाबलेली. ती करायची रीत अशी, की पान पाण्यात बुडवून ठेवायचं आणि काही आठवडे विसरून जायचं. विसरणं अवघड असतं कारण वास घराला विसरू देत नाही. मधूनमधून पाणी बदलायचं. मांसल भाग कुजून सैल झाला की पान थाळीत पसरून, जुन्या मऊ टूथब्रशने देठाकडून कडेकडे हलक्या हाताने घासायचं. घाई असेल त्यांनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावं, पण त्यात पानं फाटतात फार. जंगलात हेच काम एक अळी करते. पावसाळा सरता सरता सागाच्या पानांवर ती पडते, शिरांमधलं हिरवं तेवढं खाते आणि जाळी शाबूत ठेवते. त्या दिवसांत सागाचे डोंगर दुरून करपल्यासारखे दिसतात. जवळ जाऊन एक पान उन्हाकडे धरावं. त्यात आपल्या सोडा-ब्रशच्या कामापेक्षा कितीतरी जास्त सफाई असते.

या जाळीवर चित्रं काढायची परंपराही मोठी आहे. चीनमध्ये छिंग राजवटीच्या काळात बोधिवृक्षाच्या पानांवर अर्हतांची चित्रं रंगवून त्यांचे संच बांधले जात. आपल्याकडे गणपती, बुद्ध, राधाकृष्ण. त्यांतली काही चित्रं फार सुंदर असतात, तरी मला त्यांच्यासमोर जरा अडायला होतं. गणपतीला बसवायला रंगाचा जाड थर द्यावा लागतो आणि ज्या जाळीसाठी इतके आठवडे वास सोसला तीच त्याखाली जाते. मग पुठ्ठा काय वाईट होता? ज्या चित्रांत पानाची शीर हीच कुणाच्या वस्त्राची चुणी होते किंवा पिंपळाचं ते लांब निमुळतं टोक कुठल्यातरी आकृतीत आपसूक मिसळतं, तिथे मात्र पान निवडल्याचं सार्थक वाटतं.

हे मुलांना माझ्यापेक्षा लवकर समजतं. गच्चीवर एकदा पानांचे मासे करणं चाललं होतं. ठरलेली कृती अशी: बदामाचं पान म्हणजे अंग, कापलेलं दुसरं पान म्हणजे शेपूट, वर काळ्या टिकलीचा डोळा. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने टिकली घेतलीच नाही. ती ढिगात हात घालून पानं उलटीपालटी करत बसली आणि शेवटी तिने एक किडलेलं पान शोधून काढलं, ज्याला बरोबर जागेवर एक गोल भोक होतं. “ह्याला डोळा आहेच की,” म्हणाली. बाकीच्यांनी मग टिकल्या काढून टाकल्या आणि भोकाच्या पानांसाठी मारामारी सुरू झाली. तोवर एरवी बाजूला पडणारी किडकी, डागाळलेली, कुरतडलेली पानंच अचानक भाव खाऊन गेली.

दुसरा एक खेळ आम्ही अँडी गोल्ड्सवर्दीकडून उचलला. हा ब्रिटिश कलावंत रानात जाऊन तिथेच मिळतं त्यातून काम करतो: पानं, काटे, बर्फ, दगड. 1987 साली त्याने रोवन झाडाची पानं एका काळ्या खड्ड्याभोवती गोलाकार मांडली, कडेला एक रंग आणि खड्ड्याकडे येत येत दुसरा, असा उतरता क्रम लावून. उरलं ते छायाचित्र. रोवन आपल्याकडे नाही, पण बदाम आहे आणि गच्चीही. मुलं हिरव्यापासून सुरू करतात. पिवळ्यापर्यंत सगळं गोडीगुलाबीने चालतं. केशरी आधी की लाल आधी, इथे पहिला वाद होतो. पण सगळ्यात लांबलेलं भांडण तपकिरीच्या टोकाला होतं, कारण तिथे उजळ कुठलं आणि गडद कुठलं हे ठरवायला पान खरंच जवळ धरून बघावं लागतं. वाऱ्याने मांडणी उधळली तर फारसं कुणी हळहळत नाही. भांडण पुन्हा पहिल्यापासून करता येतं.

पानांशी हाताचं सगळ्यात पक्कं नातं ज्यांचं, त्या बायका मात्र याला कला वगैरे म्हणत नाहीत. पत्रावळ लावणारीचे हात बघावेत. पळसाचं पान घेतलं, त्याचा देठ खुडला, दुसरं पान त्यावर किती सरकवायचं ते डोळ्यांनीच मोजलं, बारीक काडी खुपसून बाहेर काढली, टोक मोडलं. पान वाळकं असेल तर आधी पाण्याचा हबका, म्हणजे ते वाकतं, तडकत नाही. टाका शिरेजवळ घ्यायचा, कारण दोन शिरांमधला भाग भार पेलत नाही आणि आमटी गळते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पानाच्या शिरांवर एक अख्खं प्रकरण असतं. त्याचा उपयोग काय, हे त्या काडीला ठाऊक असतं. पळसाला पानं तीन, ही म्हण आपण कुठेही गेलं तरी सारखंच, अशा अर्थाने वापरतो. पत्रावळ लावणारीला ते पटायचं नाही. मधलं पान मोठं आणि दोन्हीकडून सारखं, बाजूची दोन वाकडी. तिन्ही एका जागी चालत नाहीत.

चित्रं काढून झाल्यावर उरलेल्या पानांचं काय करायचं, हा प्रश्न फार काळ राहत नाही. वाळकी पानं जाळायची नाहीत हे आता बऱ्याच सोसायट्यांना पटलंय. ओल्या कचऱ्याच्या खतात वाळलेलं पान लागतंच, नाहीतर सडून वास सुटतो. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा एक उपक्रम चालतो. ज्यांच्याकडे पानं जास्त झाली त्यांनी ती पोत्यांत भरून, ज्यांना बागेसाठी हवी आहेत त्यांना द्यायची. आमच्याकडूनही पोती गेली आहेत. त्यांत मुलांनी छाप घेऊन टाकलेली, निळा-जांभळा पोस्टर कलर लागलेली पानं मिसळू नयेत म्हणून मावशींचं बारीक लक्ष असतं. “रंग मातीत जातो,” असं त्या मुलांना बजावतात, आणि मुलं सेक्रेटरींचं ऐकत नाहीत इतकं त्यांचं ऐकतात.

मेपलचं घोटीव पान राहावं खुशाल भिंतीवर, त्याच्याशी माझं वैर नाही. पण मुलाच्या हातात एक खरं, वाळलेलं, आपल्याच रस्त्यावर पडलेलं पान आणि एक पेन्सिल एकदा तरी यावी, आणि मुख्य शिरेतून फुटलेली एक शीर तरी त्याने तिच्या शेवटापर्यंत काढत न्यावी. कुठे वळते, कुठे दुसरीला मिळते, कुठे किडीने तोडली आहे ते बघत. एवढं ज्याने केलं, त्याला त्यानंतर झाड म्हणजे तपकिरी खांबावर ठेवलेला हिरवा ढग, असं चित्र काढवत नाही. तो विचारतो, कुठलं झाड काढू?